इम्प्लांटभोवतीची हिरडी मागे सरकणे

दंतरोपणानंतर, म्हणजे हाडात इम्प्लांट (टायटॅनियमचे कृत्रिम मूळ) बसवून त्यावर कॅप लावल्यावर, हिरडीने कॅपची कड सोडली की कॅप लांबट दिसू लागते, अबटमेंटची (इम्प्लांटला कॅप जोडणाऱ्या भागाची) करडी झाक डोकावते आणि दोन दातांमधला हिरडीचा टोकदार भाग बसून काळी त्रिकोणी फट पडते. दाढेपाशी हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. वरच्या पटाशीच्या दातांत मात्र, विशेषतः हसताना हिरडी दिसणाऱ्यांत, शेजारच्या दातापेक्षा १ मिमीचा फरकही खुपतो.

नैसर्गिक दाताच्या मुळात हिरडीचे तंतू रुतलेले असतात. टायटॅनियममध्ये ते रुतत नाहीत, नुसते त्याला लगटून किंवा कड्यासारखे वेढून राहतात. मुळाभोवतीच्या अस्थिबंधातून (मूळ हाडाशी जोडणाऱ्या तंतूंतून) मिळणारे रक्तही इथे नसते. म्हणून हिरडी टिकते ती खालच्या हाडाच्या जिवावर. आणि वरच्या पुढच्या दातांवरची ओठाकडची हाडाची भिंत बहुधा १ मिमीपेक्षाही पातळ असते. दात काढल्यावर आधी तीच झिजते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे इम्प्लांट ओठाकडे झुकलेला बसणे. दात काढल्याबरोबर रोपण करताना ड्रिल टाळूकडच्या टणक भिंतीवरून घसरून ओठाकडे सरकतो, तिथेच हे बिघडते. ओठाकडे २ मिमी हाड, शेजारच्या दातापासून १.५ मिमी, दोन इम्प्लांटमध्ये ३ मिमी आणि हिरडीच्या नियोजित कडेपासून इम्प्लांटच्या माथ्याची ३ ते ४ मिमी खोली, ही मापे पाळावी लागतात. फुगीर कॅप, कडेखाली राहिलेले सिमेंट आणि पू-रक्तासह हाड खाणारा दाह ही आणखी कारणे. हिरडीच्या फटीत प्रोब (खोली मोजण्याची बारीक सळई) घातल्यावर तो आरपार दिसला, तर हिरडी पातळ समजावी. अशा रुग्णाला धोका आधीच सांगितलेला बरा.

हिरडी बरीचशी पहिल्या वर्षातच, त्यातही सुरुवातीच्या महिन्यांत सरकते. त्यामुळे पुढच्या दातावर काही महिने तात्पुरती कॅप ठेवून कड स्थिरावल्यावर पक्की कॅप करतात.

उपचारात आधी दाह आटोक्यात आणतात. इम्प्लांटची जागा योग्य असेल तर कॅप काढून, अबटमेंट बारीक करून, टाळूतून घेतलेला संयोजी ऊतींचा तुकडा (कलम) हिरडीच्या पदराखाली बसवतात आणि पदर वर ओढून टाके घालतात. कलम थोडे आकसते, म्हणून पदर गरजेपेक्षा जरा जास्त ओढतात. दोन दातांमधली हिरडी परत आणणे फारच अवघड. त्या फटीसाठी कॅपचा आकार बदलणे किंवा गुलाबी पोर्सिलेन लावणे एवढेच बहुधा हाती राहते. इम्प्लांट ओठाकडे फार बाहेर असेल, तर कलमावर कलम करण्यापेक्षा तो काढून, हाड भरून पुन्हा रोपण करणे श्रेयस्कर. रुग्णाला मात्र हाच पर्याय सर्वांत नकोसा वाटतो.