कोब्यावरचा रंग ॲसिडने जात नाही

गॅलरीतल्या किंवा पार्किंगमधल्या रंगवलेल्या कोब्यावर टाइल बसवायची ठरली, की एक सल्ला हमखास मिळतो: "बाटलीभर ॲसिड ओता, रंग निघून जाईल." हे ॲसिड म्हणजे पातळ हायड्रोक्लोरिक. ते सिमेंटमधला चुना खातं. ऑइलपेंटच्या किंवा इपॉक्सीच्या थराचं फारसं काही बिघडवत नाही. जिथला रंग आधीच उडालाय तिथला कोबा फसफसतो आणि तो फेस बघून काम झाल्यासारखं वाटतं. रंग मात्र जागच्या जागी. वर ॲसिड नीट धुतलं नाही, तर उरलेले क्षार टाइलची पकड आणखी बिघडवतात.

रंग ठेवला तर टाइल ॲडहेसिव्ह रंगाला धरतं, कोब्याला नाही. रंगाने कोबा सोडला की टाइलही सुटली. ठोकून बघा, पोकळ आवाज येईल. "टाचे मारले (छिन्नीने खाचा पाडल्या) की झालं" हेही अर्धंच खरं, कारण दोन टाच्यांमधला रंग तसाच राहतो.

तो घासूनच काढावा लागतो: ग्राइंडरला डायमंड कप व्हील (काँक्रीट घासायची वाटीसारखी चकती), सोबत धूळ ओढणारा व्हॅक्यूम आणि चांगला मास्क. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीचा रंग असेल तर शिशाची विषारी धूळ उडू नये म्हणून कोरडा घासूच नका. पाणी मारून हाताने खरवडा. वेळ लागतो, लागू दे.

मग कोरड्या कोब्यावर पाण्याचे थेंब टाका. थेंब वरच उभे राहिले तर रंग किंवा सीलर अजून आहे. कोबा पाणी पिऊन काळपट झाला, तर ॲडहेसिव्ह कालवायला घ्या.