गावाचं नाव असलेली नोट: अमेरिकेतल्या नॅशनल बँक नोटांची पार्श्वभूमी

आपल्याकडे 1861 च्या कायद्याने बँक ऑफ बॉम्बेसारख्या प्रेसिडेन्सी बँकांचा नोटा काढायचा हक्क गेला आणि तो सरकारकडे आला. अमेरिकेने त्याच सुमारास वेगळी वाट धरली: नमुना सरकारी, नाव मात्र बँकेचं.

तोवर तिथे राज्याराज्यांच्या बँका आपापल्या नोटा काढत. नमुने हजारो, त्यामुळे बनावट नोटांचा सुळसुळाट. त्या ओळखायला व्यापारी गल्ल्यापाशी छापील पुस्तिकाच ठेवत. त्यात यादवी युद्धाचा खर्च अंगावर आलेला. अर्थमंत्री सॅमन चेस यांच्या पुढाकाराने 1863 मध्ये कायदा झाला. बँकेने सरकारी रोखे घेऊन तारण ठेवायचे आणि त्यावर नोटा काढायच्या. सरकारचे रोखे खपले, देशाला एकसारखं चलन मिळालं. पुढे राज्य बँकांच्या नोटांवर 10 टक्के कर बसला आणि त्या बाजारातून उठल्याच.

सह्यांची जागा कोरी असलेले, नोटांचे छापील ताव बँकेत येत. अध्यक्ष आणि कॅशियर त्यावर शाईने सह्या करत. ती शाई उडालेल्या कितीतरी नोटा आज दिसतात. पहिल्या काळातल्या छोट्या नोटांच्या तावावर सहसा एक डॉलरच्या तीन आणि दोनची एकच नोट असे. ती दोनची, आडवा पसरलेला भलामोठा 2 असलेली ‘लेझी ड्यूस’, म्हणूनच मुळात कमी.

संग्राहकाची नजर आधी सनद क्रमांकावर, म्हणजे सरकारने बँकेला दिलेल्या परवान्याच्या क्रमांकावर जाते. जुन्या नोटा वॉशिंग्टनला परत येत, तेव्हा त्या बँकेनुसार वेगळ्या करणं कारकुनांच्या जिवावर येई. म्हणून 1874 पासून हा क्रमांक छापणं सक्तीचं झालं. आज त्यावरूनच बँकेचा इतिहास शोधता येतो. माझ्या मते नोटेच्या कोरेपणापेक्षा गावाला जास्त किंमत द्यावी. न्यूयॉर्कच्या मोठ्या बँकेची कडक नोट सहज मिळते. चार दिवस चाललेल्या खेड्यातल्या बँकेची चुरगळलेली नोट मिळत नाही.

1929 मध्ये नोटांचा आकार लहान झाला आणि शिक्का तपकिरी. इथेच नवखे फसतात. तेच साल छापलेल्या फेडरल रिझर्व्ह बँकांच्या (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकव्यवस्थेतल्या विभागीय बँका) नोटांवरही ‘नॅशनल करन्सी’ असं लिहिलेलं आणि शिक्काही तपकिरीच. पण त्यावर सनद क्रमांक नसतो, त्या विभागाचं ठळक अक्षर असतं. 1935 मध्ये सरकारने तारणाचे रोखेच फेडून टाकले आणि या नोटा निघणं थांबलं.