मळक्या नोटेचा शेवटचा प्रवास

परभणीच्या मोंढ्यात कापसाची पट्टी रोखीने घेतली, तर शेतकऱ्याच्या हातात पुन्हा कापूसच येतो. आपली नोट लाकडाच्या लगद्याची नसते. तिचा कागद शंभर टक्के कापसाच्या तंतूंचा. म्हणून तर ती कनवटीला घामाने भिजते, चंचीत चुन्याच्या डबीशेजारी दिवस काढते, तरी लगेच विरत नाही.

पण मळते. हा मळ निव्वळ धुळीचा नसतो. आपल्या कातडीतून पाझरणारं तेल, म्हणजे सीबम, बोटांवरून तंतूंत मुरतं, हवेतल्या ऑक्सिजनने बदलतं आणि पिवळट पडतं. घड्या घालून घालून तंतूंची पकड सैल होते, नोट लुळी पडते. पाचशेच्या नोटेपेक्षा दहाची नोट लवकर कळकट होते, कारण भाजीबाजारात ती दिवसभर हात बदलत असते.

अशा नोटा बँकेत बाजूला पडतात आणि करन्सी चेस्टमध्ये जातात. ही तिजोरी एखाद्या बँकेच्या शाखेत असली, तरी आतला पैसा रिझर्व्ह बँकेचा. बँकेने तिथे नोटा भरल्या की तेवढी रक्कम तिच्या खात्यात जमा होते आणि हिशोबात त्या नोटा चलनाबाहेर जातात. त्यांना रिझर्व्ह बँकेकडे नेणारी गाडी अजून जागची हललेलीही नसते.

मग चिंध्या झालेल्या नोटांच्या गाडीला बंदूकधारी पहारा कशाला? कारण नोट मळली म्हणून बाद होत नाही. वाटेत लुटली गेली, तर ती बाजारात चालेलच. बाद होणं वेगळं. निजामाच्या हाली सिक्का या चलनाच्या नोटा १९५९ साली रद्द झाल्या, त्यानंतर कोरी करकरीत हाली नोटही व्यवहारात कुचकामी. मळक्या गांधीछाप नोटेचा मान मात्र शेवटपर्यंत कायम.

तो शेवट रिझर्व्ह बँकेच्या यंत्रात होतो. तासाला ५०,००० ते ६०,००० नोटा त्यातून सरकतात. प्रत्येक नोट मोजली जाते, खरी-खोटी पारखली जाते. मळ, डाग, भोकं, दुमडलेले कोपरे सेन्सर टिपतात. धडक्या नोटांची पुन्हा पाकिटं बांधली जातात. नापास नोटेचा तिथल्या तिथे चुरा. पूर्वी नोटांच्या गड्ड्यांना स्टेपल मारत, त्या भोकांनी धडधाकट नोटाही लवकर फाटायच्या. ती पद्धत २००१मध्ये बंद करायला लावली, हे फार बरं झालं.

चुरा दाबून त्याचे ठोकळे करतात. वर्षाला साधारण १५,००० टन! आजवर ते जाळले जात किंवा खड्डे भरायला वापरले जात. शाईतली रंगद्रव्यं आणि रसायनं पाहता दोन्ही वाटा फारशा चांगल्या नाहीत. केंद्राच्या काष्ठविज्ञान संस्थेने अलीकडे अभ्यास केला, तेव्हा हा चुरा पार्टिकल बोर्डात, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांत चालतो असं दिसलं. आता असे बोर्ड बनवणाऱ्यांना हा माल देण्याची तयारी रिझर्व्ह बँकेने चालवली आहे.