रॉक क्रॉलरचा स्टिअरिंग सर्वो

खडकांवरून सावकाश चढणाऱ्या रेडिओ-नियंत्रित प्रतिकृती गाडीला रॉक क्रॉलर म्हणतात आणि तिची पुढची चाके वळवणाऱ्या यंत्राला स्टिअरिंग सर्वो. काडेपेटीहून थोड्या मोठ्या डबीत एक मोटर, दातेरी चक्रांची माळ, एक पोटेंशिओमीटर आणि छोटे सर्किट असते. रिमोटचा हुकूम झेलणारा गाडीतला रिसीव्हर सर्वोला विजेचे स्पंद पाठवतो. दीड मिलिसेकंदाचा स्पंद आला की चाके सरळ, तो एक मिलिसेकंदाकडे सरकला की एका बाजूला, दोनकडे सरकला की दुसऱ्या. सर्वोचा बाहेर आलेला आस प्रत्यक्षात कुठे आहे हे पोटेंशिओमीटर सांगतो आणि हुकूम व जागा जुळेपर्यंत मोटर जोर लावत राहते. क्रॉलरच्या सर्वोची बहुतेक दुखणी या ‘जुळेपर्यंत’मध्ये आहेत. चाक फटीत अडकले की ते जुळत नाही आणि मोटर थांबल्या जागी वीज खात बसते.

पळणाऱ्या बग्गीची चाके फिरता फिरता वळतात, म्हणून तिच्या सर्वोला जोरापेक्षा चपळाई जास्त लागते. क्रॉलरला उभ्या जागी, दगडावर घासत चाके वळवावी लागतात. १/१० मापाची गाडी साधारण अडीच-तीन किलोची असते. चढावर तोंड उचलले जाऊ नये म्हणून हौशी मंडळी पुढच्या चाकांच्या आसावर पितळी वजने चढवतात, म्हणजे भार नेमका सर्वोच्याच डोक्यावर. त्यातच बहुतेक क्रॉलरमध्ये पुढचा डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी दातेरी जोडणी, कायमचा लॉक असतो. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचे असते, पण दोन्ही चाके सारखीच फिरतात आणि गाडी सरळ जायचा हट्ट धरते. २०१७ साली आलेल्या ट्रॅक्सस टीआरएक्स-४ मध्ये हा लॉक रिमोटवरून सोडता येतो, त्यामुळे सपाटीवर वळणे बरेच हलके होते.

पुण्यात या ओझ्यात दगडाचीही भर पडते. शहराभोवतीच्या टेकड्या दख्खनच्या बेसॉल्टच्या, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या आहेत. वेताळ टेकडीवरची जुनी दगडखाण, तळजई, बाणेर-पाषाणची टेकडी, कुठेही गेले तरी खाली काळा पाषाण आणि वर मुरूम. या खडकातला जाळीदार, बारीक भोकांचा थर कोरडा असताना मऊ रबराच्या टायरला घट्ट धरतो. चढायला ती पकड उत्तम, पण टायर घसरत नाही म्हटल्यावर वळवण्याचा सगळा ताण हॉर्नवर (सर्वोच्या आसावर बसून स्टिअरिंगची दांडी ढकलणाऱ्या पट्टीवर) आणि दात्यांवर येतो. पावसाळ्यात तोच खडक शेवाळून निसरडा झाला की गाडी चढत नाही, सर्वोला मात्र सुटीच मिळते. (टेकडीवर सकाळी फिरायला आलेले आजोबा हमखास विचारतात, “किती स्पीडनं पळते हो?” पळत नाही, हे उत्तर त्यांना पटत नाही.)

सर्वोचा जोर किलो-सेंटिमीटरमध्ये सांगतात. २५ किलोचा सर्वो म्हणजे आसापासून एक सेंटिमीटरवर २५ किलोचे ओझे तोलणारा. स्टिअरिंगची दांडी मात्र एक सेंटिमीटरवर नसते. हॉर्न अडीच सेंटिमीटरचा असेल तर दांडीपर्यंत १० किलोच पोचतात. हॉर्न दीड सेंटिमीटरचा केला तर साडेसोळा किलोंहून थोडे जास्त मिळतात, पण चाके पूर्ण वळत नाहीत. म्हणून चाके टोकापर्यंत वळवणारा सर्वांत आखूड हॉर्न लावावा. १/१० मापाच्या, वजने न लावलेल्या गाडीला २० ते २५ किलो पुरतात. पितळी वजने आणि मोठे टायर असतील तर ३५ किलो किंवा वर जावे. वेगाचा आकडा, म्हणजे ६० अंश फिरायला लागणारा वेळ, ०.१५ ते ०.२० सेकंद असला तरी क्रॉलरचे काही अडत नाही.

डबीवरचा हा आकडा ठरावीक व्होल्टेजचा असतो, आणि खरी फसगत इथेच होते. ७.४ व्होल्टला ३५ किलो देणारा सर्वो ६ व्होल्टवर तेवढा जोर देत नाही. सर्वोला वीज देते ईएससीच्या, म्हणजे गाडीच्या मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटच्या, पोटातली बीईसी. ती बॅटरीचा दाब उतरवून रिसीव्हर आणि सर्वोला पुरवते. अनेक ईएससींमध्ये तिची ताकद ६ व्होल्ट, ३ अँपिअर एवढीच असते, तर मोठा सर्वो अडकल्यावर पाच अँपिअरही मागू शकतो. मागणी पुरी झाली नाही की दाब कोसळतो, रिसीव्हर क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि गाडी ऐन चढावर जागीच लुळी पडते. मालक रिमोटच्या रेंजला दोष देतो, बाइंडिंग (रिमोट आणि रिसीव्हरची जोडणी) पुन्हा करतो, कधी नवा रिमोटही आणतो. प्रत्यक्षात रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनेलवर मल्टिमीटर लावून, चाक हाताने धरून स्टिअरिंग फिरवले की आकडा खाली येताना दिसतो. दुसरा महागडा सर्वो घेण्याआधी ही दोन मिनिटांची तपासणी करावी.

उपाय दोन आहेत. पहिला, वेगळी बीईसी बसवणे. मात्र तेव्हा ईएससीच्या प्लगमधली लाल तार काढून तिचे टोक टेपने झाकावे, नाहीतर दोन बीईसी एकमेकींशी भांडतात. दुसरा, थेट बॅटरीवर चालणारा हाय-व्होल्टेज सर्वो घेणे. दोन सेलची लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर ८.४ व्होल्ट देते, तेव्हा सर्वोवर ८.४ ची मर्यादा स्पष्ट छापलेली हवी. तीन सेलची लायपो १२.६ व्होल्टपर्यंत जाते. ती अशा सर्वोला थेट जोडली तर धूरच निघेल.

बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत आणि आसपास इंजिनिअरिंगचे विद्यार्थी प्रोजेक्टसाठी काही शे रुपयांत जो सर्वो घेतात, तो बहुधा एमजी-९९६ आर किंवा त्याची नक्कल असते. कागदावर तो ६ व्होल्टला ११ किलोचा. रोबोटच्या हाताला तो पुरतो, पण लॉक केलेल्या आसाच्या क्रॉलरला महिनाभर पुरला तरी मिळवली. ‘मेटल गिअर’ या शब्दांवरही जाऊ नये. मऊ पितळेची चक्रे झिजतात, पोलादी टिकतात. प्लॅस्टिकच्या डबीत धातूची चक्रे असतील तर दात्यांआधी डबी ताणली जाते. मधला भाग अॅल्युमिनियमचा असेल तर उष्णताही बाहेर पडते, आणि एप्रिलच्या दुपारी पारा चाळिशीजवळ असताना हे जाणवते. मोटरींत साधी ब्रश्ड, कोअरलेस (लोखंडी गाभा नसलेली) आणि ब्रशलेस (घासणारे ब्रश नसलेली) अशी चढती भाजणी आहे. ब्रशलेस टिकाऊ खरी, पण खिसा रिकामा करणारी.

सर्वोच्या आसावरच्या दात्यांची संख्या मोजून मगच हॉर्न घ्यावा. फुताबा पद्धतीच्या आसाला २५ दाते, हायटेकच्या बऱ्याच सर्वोंना २४ आणि जेआर, सानवा यांना २३. डोळ्याला फरक दिसत नाही आणि जबरदस्तीने बसवलेला हॉर्न पहिल्याच दगडाला फिरतो. हॉर्न अॅल्युमिनियमचा, कात्रीसारखा चिमटा घेऊन बसणारा असावा. धक्का झेलणारा सर्वो-सेव्हर क्रॉलरमध्ये नको, त्याची स्प्रिंग सर्वोचा जोर चाकापर्यंत पोचूच देत नाही.

आयपी-६७ शिक्का असलेला सर्वो धूळबंद असतो आणि मीटरभर पाण्यात अर्धा तास तग धरतो. ओल्या मुरमाचा चिखल आसाच्या फटीत शिरतो, म्हणून तिथे पावसाआधी ग्रीसचे बोट फिरवणारे लोक आहेत.

सर्वो बसवताना आधी रिमोट चालू करून आस मध्यावर आणावा आणि मगच हॉर्न चढवावा. नंतर रिमोटमधल्या एंड पॉइंटने, म्हणजे सर्वोने कुठवर फिरायचे हे ठरवणाऱ्या सेटिंगने, दोन्ही टोके अशी बांधावीत की चाके पूर्ण वळून थांबतील आणि सर्वो घूं-घूं करणार नाही. तो आवाज म्हणजे पोचल्यावरही तो ढकलतो आहे.

१/२४ मापाच्या, बाल्कनीतल्या कुंड्यांमध्येही खेळवता येणाऱ्या गाड्यांचा हिशेब वेगळा आहे. ॲक्सियल एससीएक्स-२४ मधल्या प्लॅस्टिकच्या दात्यांच्या चिमुकल्या सर्वोच्या जागी मालक बहुधा पहिल्यांदा धातूच्या दात्यांचा मायक्रो सर्वो बसवतात. तिथे दोन किलोचा जोरही भरपूर होतो.