टॉर्क कन्व्हर्टर बसवणे

स्वयंचलित गिअरबॉक्सच्या मोटारीत एंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये बसणारा, तेलाने भरलेला, वेल्ड करून बंद केलेला वाटोळा डबा म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर. क्लचचे काम तो तेलाच्या प्रवाहाने करतो आणि गाडी जागेवरून हलताना एंजिनाचा फिरवण्याचा जोर साधारण दुपटीपर्यंत वाढवून देतो. गिअरबॉक्स उतरवून परत चढवताना सर्वांत जास्त नुकसान होते ते हा डबा अर्धवट बसल्यामुळे.

त्याचे जनकत्व बहुतेक ग्रंथ हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याला देतात. श्टेटिन येथील व्हुल्कान जहाजकारखान्यात काम करताना त्यांनी 1905 मध्ये पेटंट घेतले. वाफेच्या टर्बाइनचा वेग जहाजाच्या पंख्याला पेलेल इतका उतरवणे, हा त्यामागचा हेतू होता. द्रव ढकलणारा पंप, त्या प्रवाहाने फिरणारे टर्बाइन आणि प्रवाहाला दिशा देणारे चक्र हे तिन्ही भाग त्यांच्या रचनेत होते. मात्र दिशा देणारे चक्र, म्हणजे स्टेटर, आवरणाला पक्के जखडलेले असे. वेग वाढल्यावर तेच चक्र प्रवाहाला अडथळा ठरते. ते एकाच दिशेने मोकळे फिरू देण्याची रचना 1920 च्या दशकाच्या उत्तरार्धात श्पानहाके, क्लूगे आणि फॉन सांडेन यांच्या ‘ट्रिलोक’ गटाने पुढे आणली, असे सामान्यतः मानतात. तत्त्व फ्योटिंगरचे, पण मोटारीतला कन्व्हर्टर ट्रिलोकचा, ही विभागणी अधिक ग्राह्य वाटते. जनरल मोटर्सच्या 1940 सालच्या हायड्रामॅटिक या स्वयंचलित गिअरबॉक्सला काही ठिकाणी पहिला कन्व्हर्टर म्हटले जाते, ते बरोबर नाही. त्यात स्टेटर नसलेले साधे द्रव-कपलिंग, म्हणजे जोर न वाढवता फक्त पुढे पोचवणारी जोडणी, होती. अमेरिकेत सर्वसामान्य मोटारीत कन्व्हर्टर आला तो 1948 च्या ब्यूक डायनाफ्लोबरोबर.

बसवण्याच्या दृष्टीने हा वाद निव्वळ पुस्तकी नाही. स्टेटर मोकळा फिरू शकतो म्हणूनच त्याच्या एकदिशा क्लचला आतून धरणारी एक दातेरी नळी गिअरबॉक्समधून पुढे आलेली असते. तिच्या आतून इनपुट शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सला जोर पोचवणारा दांडा, टर्बाइनच्या दात्यांत जातो, आणि बाहेरून कन्व्हर्टरच्या गळ्यावरच्या खाचा तेलपंपाच्या गिअरमध्ये अडकतात. एकात एक अशी ही तीन बंधने आहेत. कन्व्हर्टर दोन्ही हातांनी सरळ धरून, हलके आत दाबत गोल फिरवला की तो टप्प्याटप्प्याने ‘खट्’ करून आत सरकतो. शेवटचा, पंपाचा टप्पा सर्वाधिक फसवतो: डबा पूर्ण बसल्यासारखा दिसतो, पण बोटभर बाहेरच असतो. काही गिअरबॉक्समध्ये टप्पे वेगळे जाणवत नाहीत. म्हणून कानावर न विसंबता बेल हाउसिंगच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या पुढच्या घंटेसारख्या आवरणाच्या, तोंडावर सरळ पट्टी आडवी ठेवून कन्व्हर्टरच्या बोल्ट-बैठकीपर्यंतची खोली मोजावी आणि ती कंपनीच्या मापाशी ताडून पाहावी.

त्याआधी कन्व्हर्टरमध्ये सुमारे 1 लिटर ट्रान्समिशन तेल ओतावे आणि ऑइल सीलच्या ओठाला तेल लावावे. चढवताना डबा पुढे घसरू नये म्हणून पट्टीने अडवावा. त्याचे वजन इनपुट शाफ्टवर लटकू देऊ नये.

बेल हाउसिंग एंजिनाला हाताच्या जोराने टेकले पाहिजे. फट राहिली तर बोल्ट आवळून ती कधीही मिटवू नये. आवळत गेल्यास फ्लेक्सप्लेट, म्हणजे कन्व्हर्टर जिला जोडतात ती एंजिनाच्या क्रँकशाफ्टवरची पातळ चकती, डब्याला मागे ढकलते, अडकलेला गळा पंपाच्या गिअरवर दाबला जातो आणि एंजिन सुरू होताच पंप फुटतो. हाउसिंग नीट टेकल्यावर कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे, आणि त्याच्या बैठकी व फ्लेक्सप्लेट यांत थोडे अंतर उरले पाहिजे. जनरल मोटर्सच्या टर्बो-हायड्रामॅटिक 350 आणि 400 या गिअरबॉक्ससाठी ते साधारण 3 ते 5 मिमी धरतात. अंतर शून्य असेल तर डबा आत बसलेला नाही. फार जास्त असेल तर तो पुढे ओढल्यावर पंपाच्या खाचांतली पकड उथळ होते. त्यानंतरच डबा पुढे ओढून कंपनीच्याच लांबीचे बोल्ट लावावेत. लांब बोल्ट पुढच्या पत्र्याला आतून पोचा पाडतो, आणि एंजिन व टर्बाइन थेट जोडणाऱ्या लॉक-अप क्लचची घर्षणपट्टी नेमकी त्याच पत्र्यावर टेकते.