मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आणि पेटंटचा वाद : कोल्हापूरच्या संदर्भात

ज्याची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता येते, बदलता येते आणि बदलासकट दुसऱ्याला देता येते, ते मुक्त स्रोत सॉफ्टवेअर. बोलीत त्याला सर्रास ‘ओपन सोर्स’ म्हणतात. ही मुभा उत्पादकाच्या मर्जीवर नसते, परवान्यात लिहून दिलेली असते. या पद्धतीभोवती गेली चाळीस वर्षे वाद चालू आहे. आज्ञावलीवर मालकी कोणाची, तिच्यातल्या कल्पनेला पेटंट द्यावे का आणि विकत घेतलेले यंत्र उघडून पाहण्याचा हक्क विकणाऱ्याला रोखता येतो का, हे त्यातले मुख्य प्रश्न. कोल्हापूरला यांतला शेवटचा प्रश्न सर्वांत जास्त भिडतो, कारण इथला यंत्रव्यवसाय यंत्रे उघडून, समजून घेऊनच वाढला.

पूर्वपीठिका

1976 मध्ये बिल गेट्स यांनी हौशी संगणकप्रेमींना जाहीर पत्र लिहिले. तुम्ही आमच्या बेसिक भाषेच्या प्रती एकमेकांना वाटता, मग चांगले सॉफ्टवेअर लिहायला कोणाला परवडणार, असा त्यांचा सवाल होता. विरुद्ध बाजूची ठिणगी एका छपाईयंत्रावरून पडली. अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेत नवा प्रिंटर आला. कागद अडकला की छपाईची वाट पाहणाऱ्या सर्वांच्या पडद्यावर सूचना जावी, अशी सोय रिचर्ड स्टॉलमन यांनी आधीच्या प्रिंटरला करून ठेवली होती. नव्या प्रिंटरची आज्ञावलीच मिळेना, त्यामुळे ती सोय बसवता येईना. पुढे 1983 मध्ये त्यांनी संपूर्ण मुक्त कार्यप्रणाली तयार करण्याचा जीएनयू प्रकल्प जाहीर केला, 1985 मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन केले आणि 1989 मध्ये जीपीएल परवान्याची पहिली आवृत्ती काढली. लिनस टोरवाल्ड्स यांनी 1991 मध्ये लिनक्स या कार्यप्रणालीचे गाभ्याचे काम जाहीर केले आणि 1992 मध्ये ते जीपीएलखाली आणले. चळवळीचा उगम तत्त्वचर्चेत शोधला जातो, पण तो दुरुस्तीच्या अडचणीत आहे. उद्यमनगर या कोल्हापूरच्या यंत्रवसाहतीतल्या माणसाला हा भाग वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

1998 मध्ये चळवळीत फूट पडली. नीतीची भाषा बाजूला ठेवून उद्योगांना पटेल अशा भाषेत हीच पद्धत मांडावी, असे म्हणणाऱ्यांनी ओपन सोर्स इनिशिएटिव्ह स्थापन केली. बदल केलेली आज्ञावली पुढे देताना ती खुलीच ठेवली पाहिजे, अशी जीपीएलची अट आहे. एमआयटी आणि बीएसडी परवाने तशी सक्ती करत नाहीत. मोठ्या कंपन्यांना दुसरा प्रकार जास्त सोयीचा वाटतो, हे उघड आहे.

या भांडणातला एक तपशील कोल्हापूरच्या दृष्टीने मोलाचा आहे. टीव्हीवरचे कार्यक्रम ध्वनिचित्रमुद्रित करणाऱ्या टिवो या यंत्रात लिनक्स होते आणि कंपनीने आज्ञावली दिलीही होती. मात्र ती बदलून परत यंत्रात घातली, तर यंत्र ती चालवायला नकार देई. अशा कुलुपाला आळा घालण्यासाठी 2007 मध्ये जीपीएलची तिसरी आवृत्ती आली. टोरवाल्ड्स यांना ती अट मान्य नव्हती, म्हणून लिनक्स आजही दुसऱ्या आवृत्तीवर आहे. शिवाय तिसऱ्या आवृत्तीतली ही अट फक्त घरगुती वापराच्या वस्तूंना लागू होते. कारखान्यासाठी विकलेले यंत्र तिच्या कक्षेत येतच नाही. म्हणजे ज्या माणसाची भाकरी यंत्रावर अवलंबून आहे, त्यालाच या परवान्याचे संरक्षण नाही. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांची ही मोठी चूक आहे आणि तिची चर्चा फारच कमी होते.

पेटंटचा प्रश्न

कॉपीराइट लिहिलेल्या मजकुराला मिळतो, पेटंट कल्पनेला. तीच गोष्ट स्वतःच्या डोक्याने, कोणाचे न पाहता लिहिली तरी पेटंटचा भंग होऊ शकतो. सॉफ्टवेअरला पेटंट का नको, हे इथे कळते. जीआयएफ चित्रांमागच्या एलझेडडब्ल्यू या संक्षेपण पद्धतीवर, म्हणजे फाइल लहान करण्याच्या रीतीवर, युनिसिस कंपनीचे पेटंट होते. चित्रप्रकार जगभर रुळल्यावर, 1994 च्या शेवटी, त्यासाठी परवाना घ्या अशी घोषणा झाली. अनेकांनी जीआयएफ सोडून पीएनजी हा नवा प्रकारच तयार केला. अमेरिकेतले ते पेटंट 2003 मध्ये संपले. ॲमेझॉनला 1999 मध्ये एका क्लिकवर खरेदी करण्याच्या सोयीचे पेटंट मिळाले. त्यावर इतके हसे झाले तरी ते 2017 पर्यंत टिकले.

युरोपीय संसदेने 6 जुलै 2005 रोजी सॉफ्टवेअर पेटंटचा मसुदा 648 विरुद्ध 14 मतांनी फेटाळला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये ॲलिस खटल्यात निव्वळ अमूर्त कल्पना संगणकावर चालवल्याने ती पेटंटयोग्य होत नाही, असा निकाल दिला. दरम्यान 2018 मध्ये, एकेकाळी लिनक्सला शत्रू मानणाऱ्या मायक्रोसॉफ्टने आपली सुमारे 60 हजार पेटंटे लिनक्सला संरक्षण देणाऱ्या ओपन इन्व्हेन्शन नेटवर्कच्या करारात आणली आणि त्याच वर्षी आज्ञावल्या ठेवण्याचे गिटहब हे संकेतस्थळ साडेसात अब्ज डॉलरला विकत घेतले.

भारतात पेटंट कायदा, 1970 च्या कलम 3 (के) नुसार गणिती किंवा व्यावसायिक पद्धत, निव्वळ संगणकीय आज्ञावली आणि अल्गोरिदम हे शोध मानले जात नाहीत. डिसेंबर 2004 च्या अध्यादेशाने उद्योगातल्या तांत्रिक वापरासाठी दार किलकिले केले होते. संसदेने 2005 मध्ये ती दुरुस्ती गाळली. त्यानंतर झगडा कायद्यातून पेटंट कार्यालयाच्या मार्गदर्शक सूचनांत उतरला. ऑगस्ट 2015 च्या सूचना त्याच डिसेंबरात स्थगित झाल्या, फेब्रुवारी 2016 मध्ये कडक सूचना आल्या आणि जून 2017 मध्ये त्यांतली नव्या हार्डवेअरची अट निघाली. दिल्ली उच्च न्यायालयाने 2019 मध्ये फरीद अल्लानी प्रकरणात सांगितले, की तांत्रिक परिणाम दाखवता आला तर आज्ञावलीवर आधारलेला शोध केवळ त्या कारणाने बाद होत नाही. संसदेने बंद केलेले दार असे फटीफटीने उघडत चालले आहे. कलमातला ‘निव्वळ’ हा शब्द वकिलांना चरायला मोकळे रान आहे आणि ते कुंपण घट्ट व्हायला हवे.

कोल्हापुरातील स्वरूप

1918 मध्ये बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरात चित्रपटाचा देशी बनावटीचा कॅमेरा तयार केला. आनंदराव पेंटर यांच्यासह चाललेले हे काम आनंदरावांच्या निधनानंतर त्यांनी शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साथीने तडीस नेले. ‘उघडून बघूया की’ ही वृत्ती शिवाजी उद्यमनगरातल्या लेथ, पॅटर्न आणि फाउंड्रीच्या धंद्यात पुढे मुरली. शेतीच्या ऑइल इंजिनांचे सुटे भाग, पंप, नंतर मोटारींची कास्टिंग, आणि शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या वसाहती असा हा विस्तार झाला. तुटलेला भाग समोर ठेवून लाकडी पॅटर्न करायचा, आकसण्याचा हिशेब धरून तो किंचित मोठा ठेवायचा, मातीत साचा घ्यायचा आणि ओतीव भाग लेथवर मापात आणायचा. हे शिकायला कोणाचा परवाना लागत नव्हता.

सीएनसी, म्हणजे संगणकाने चालणारी यंत्रे आल्यावर चित्र पालटले. यंत्राचे लोखंड दिसते, पण त्याची बुद्धी कंट्रोलरच्या डब्यात असते. जुन्या कंट्रोलरमध्ये अक्षांची मापे, वेगमर्यादा, स्क्रूच्या झिजेची भरपाई असे शेकडो पॅरामीटर एका छोट्या बॅटरीच्या जिवावर टिकतात. बॅटरी वेळेत बदलली नाही तर सगळे पुसले जाते. पॅरामीटरची यादी कागदावर किंवा कार्डावर काढून ठेवली असेल त्या शॉपचे काम तासाभरात परत सुरू होते. नसेल तर काही लाखांचे यंत्र पितळी पाट्यांसकट नुसते उभे राहते. यादी हाताशी असली तरी यंत्राच्या क्रिया ठरवणारा लॅडर प्रोग्राम बऱ्याचदा पासवर्डने बंद असतो. टूल बदलण्याच्या क्रमात साधा फेरफार करायचा झाला, तरी कंपनीचा माणूस येईपर्यंत जॉब थांबतो. दरम्यान उत्पादक कंपनीने ते मॉडेल बंद केलेले असले तर येणाराही कोणी नसतो.

भारतीय कायदा इथे मालकाच्या बाजूने आहे आणि हे फार थोड्यांना ठाऊक असते. कॉपीराइट कायदा, 1957 आज्ञावलीला साहित्यकृती मानतो, पण त्याच्या कलम 52 मध्ये कायदेशीर प्रतधारकाला काही मुभा दिल्या आहेत. नुकसानीपासून बचावासाठी राखीव प्रत घेता येते. आज्ञावली कशी चालते याचे निरीक्षण, अभ्यास आणि चाचणी करता येते. दुसऱ्या स्वतंत्र आज्ञावलीशी जोडणीसाठी लागणारी माहिती सहज मिळत नसेल, तर ती काढण्यापुरते काम करता येते. लॅडरच्या पासवर्डपुढे हात टेकण्याआधी प्रत्येक शॉपमालकाने हे कलम वकिलाकडून समजून घ्यावे.

खुल्या पर्यायांचा विचार करता लिनक्ससीएनसी हे नाव आधी येते. त्याचे मूळ अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेतल्या प्रकल्पात आहे. कंट्रोलर मेलेल्या जुन्या यंत्रावर ते बसवता येते आणि त्याचा लॅडर, पॅरामीटर सगळे साध्या मजकुराच्या फाइलींत राहते. ड्रॉइंगसाठी फ्रीकॅड आहे. त्याची 1.0 आवृत्ती नोव्हेंबर 2024 मध्ये आली. आधीचे मॉडेल थोडे बदलले की पुढचे सगळे मोडायचे, ही त्याची जुनी व्याधी त्यात बरीच आटोक्यात आली. तरीही मोठ्या असेंब्लीच्या कामाला ते महागड्या सॉफ्टवेअरची बरोबरी करत नाही, हे सरळ मान्य केले पाहिजे. खरी अडचण किमतीपेक्षा फाइलींची आहे. मोटार कंपनी ड्रॉइंग स्वतःच्या बंद प्रकारात पाठवते आणि छोट्या पुरवठादाराला तेच सॉफ्टवेअर घ्यावे लागते. स्टेप या आंतरराष्ट्रीय मानकात फाइल देता येते, पण ती मागायची हिंमत ऑर्डर हवी असलेल्याला होत नाही. संघटनांनी मिळून ती मागणी केली पाहिजे.

याच ठिकाणी क्रॅक केलेल्या प्रतींचा विषय येतो. गल्लोगल्ली मिळणाऱ्या या प्रतींनी मुक्त सॉफ्टवेअरचे जितके नुकसान केले, तितके कोणत्याही पेटंटने केले नाही. महागडे पॅकेज फुकट चालते म्हटल्यावर खुले पर्याय शिकण्याचे कारण उरले नाही. मुले क्लासमध्ये तेच शिकली, मालकांनी तेच बसवले आणि कायदेशीर नोटीस आल्यावर तेच लाखांत विकत घेतले. केरळने शाळांत मुक्त सॉफ्टवेअर रुजवले. महाराष्ट्रात 2001 पासून घरोघरी पोचलेल्या एमएस-सीआयटीचा भर विंडोज आणि ऑफिसवर राहिला. एका पिढीच्या हाताला पडलेली ही सवय आहे.

मराठी अक्षरांचा अनुभव

बंद तंत्राची किंमत कोल्हापूरने छापखान्यांत आणि डीटीपीच्या टेबलांवर मोजली. युनिकोड या सर्व लिप्यांच्या सामाईक संकेतरचनेत देवनागरी 1991 पासून आहे, तरी लग्नपत्रिकांपासून दिवाळी अंकांपर्यंतचा मजकूर पुढची अनेक वर्षे कंपनीगणिक वेगळ्या सांकेतिक रचनेच्या फॉन्टांत बसवला गेला. छापखान्यांत रुळलेल्या एका रचनेत ‘क’ साठवला जाई तो रोमन एच आणि डॉलरचे चिन्ह अशा दोन खुणांनी. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली, की पानभर रोमन अक्षरे आणि चिन्हांचा सडा दिसे. अशा फाइलींत शोध घेता येत नाही. ज्या पुस्तकांची मूळ फाइल आहे पण कुलपी फॉन्ट नाही, ती पुन्हा टाइप करावी लागतात. आपल्याच भाषेचा मजकूर आपल्यालाच वाचता येऊ नये, याला केवळ गैरसोय म्हणता येत नाही.

खुल्या परवान्याच्या फॉन्टांनी हे बदलले. ‘लोहित’ आणि ‘मुक्त’ या नावांचे फॉन्ट कोणालाही वापरता, सुधारता येतात. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’, तसेच ‘दऱ्या’मधला अर्धा र नीट दिसत नसेल, तर तक्रार करून वाट पाहण्याऐवजी फाइल उघडून दुरुस्ती करता येते. 2003 मध्ये सुरू झालेला मराठी विकिपीडियाही खुल्या परवान्यावर चालतो.

देखभालीचा खर्च

मुक्त सॉफ्टवेअरच्या बाजूने बोलणारे एक गोष्ट टाळतात. लिहिणाऱ्याला पैसे कोण देणार, हा गेट्स यांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. मार्च 2024 मध्ये एक्सझेड या संक्षेपण साधनात चोरवाट सापडली. दमलेल्या एकट्या देखभालकर्त्याचा विश्वास कोणीतरी सुमारे दोन वर्षे मदत करून मिळवला होता. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने पाठपुरावा केला म्हणून ती उघडकीस आली. आज्ञावली खुली होती म्हणून शोध लागला, हे खरे. पण सगळे जग वापरते ते साधन एकाच माणसाच्या अंगावर होते, हेही तितकेच खरे. जी फाउंड्री असे साधन वापरून पैसे वाचवते, तिने त्यातला थोडा वाटा देखभालीला द्यावा.

नक्कल, भौगोलिक मानांकन आणि छोटे शोध

कोल्हापुरात पेटंटचा विषय निघाला की चप्पल निघतेच. जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या मिलानमधल्या सादरीकरणात कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि ‘आपले पेटंट चोरले’ अशी ओरड झाली. कोल्हापुरी चपलेला पेटंट नाही. तिला भौगोलिक मानांकन आहे, ते महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या प्रत्येकी चार जिल्ह्यांना मिळून आहे आणि त्याची नोंद लिडकॉम व लिडकर या दोन सरकारी महामंडळांच्या नावावर आहे. मानांकन नावाचे आणि उगमाचे रक्षण करते, घडणीच्या कल्पनेचे नाही. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये जनहित याचिका फेटाळताना याचिकाकर्ते नोंदणीधारक नाहीत, हेच कारण दिले. कारागिरांचा राग रास्त आहे, पण तो चुकीच्या कायद्याकडे बोट दाखवतो.

छोट्या कारखानदाराची तक्रार याहून अवघड आहे. एखाद्याने ऊस गाळपाच्या यंत्रात किंवा कोअर बनवण्याच्या जिगमध्ये डोके लढवून सुधारणा केली, तर काही महिन्यांत पुढच्या गल्लीत तशीच वस्तू कमी भावात मिळते. जर्मनी आणि चीनमध्ये अशा लहान सुधारणांना अल्प मुदतीचे, सोपे संरक्षण मिळते. भारतात तसा कायदा नाही, फक्त 20 वर्षांचे पूर्ण पेटंट आणि दिसण्यापुरती डिझाइन नोंदणी आहे. लोखंडी सुधारणेला असे लहान संरक्षण मिळावे, ही मागणी योग्य आहे. ती आज्ञावलीपर्यंत मात्र ताणू नये.

तोपर्यंत दोन मार्ग उघडे आहेत. आपली सुधारणा रेखाटनासह तारखेनिशी जाहीर प्रसिद्ध केली, तर ती पूर्वज्ञात ठरते आणि नंतर दुसऱ्या कोणाला तिच्यावर वैध पेटंट मिळत नाही. आणि पेटंटचा अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून पेटंट मंजूर होईपर्यंत पेटंट कायद्याच्या कलम 25 (1) खाली कोणतीही व्यक्ती त्याला लेखी हरकत घेऊ शकते. त्यासाठी स्पर्धक असण्याची किंवा नुकसान दाखवण्याची अट नाही. जुने पॅटर्न, तारखा असलेली बिले आणि ड्रॉइंग हा त्या हरकतीचा पुरावा होऊ शकतो.