गडद व्हिस्की म्हणजे जुनी व्हिस्की?

'रंग जितका गडद, तितकी व्हिस्की जुनी आणि चांगली' असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. या समजाला थोडा आधार आहे: भट्टीतून निघालेली स्कॉच रंगहीन असते, रंग चढतो तो ओकच्या पिंपात. पण किती चढेल, हे पिंपावर ठरतं. शेरी ही स्पॅनिश वाइन मुरलेल्या, व्हिस्कीसाठी पहिल्यांदाच वापरलेल्या पिंपात चार-पाच वर्षांतच ती तांबूस होऊ शकते. बर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या, दोनतीनदा वापरलेल्या पिंपात बारा वर्षांनीही वाळल्या गवतासारखी फिकट राहू शकते. शिवाय रंगासाठी कॅरमल घालायला कायद्याने मुभा आहे.

मग ओळखायचं कसं? बाटलीवरचा वयाचा आकडा आतल्या सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचा असतो. किमान 3 वर्षं तर मुरावीच लागते. 'नॅचरल कलर' लिहिलंय का, तेही पाहा. कॅरमल घातलेलं नसल्याची ती खूण. नंतर रंग विसरून ग्लास नाकाशी न्या. कोवळ्या सिंगल माल्टला (एकाच डिस्टिलरीत, मोड आणलेल्या बार्लीपासून केलेल्या व्हिस्कीला) बहुधा हिरव्या सफरचंदाचा, नाशपतीचा, ओल्या धान्याचा वास येतो. दोन थेंब पाणी घालून थोडं थांबा, पुन्हा हुंगा. पीटचा, म्हणजे बार्ली सुकवताना जाळलेल्या दलदलीतल्या मातीचा, धूर तर कोवळेपणीच जास्त जोरकस असतो. त्यामुळे स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या 5 वर्षांच्या फिकट माल्टला रंगावरून कमी लेखणं मला अन्यायाचं वाटतं.